कटिंगमधला दुसरा टी

माझा भाचा पाचवीत आहे, इथल्याच एका मराठी शाळेत. परवा मगरिबनंतर तो इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आला. एका पानावर पाच नियम उतरवून घेतलेले होते. शब्दाच्या शेवटी ई असेल तर ती काढून आयएनजी लावावे. काही शब्दांत शेवटचे अक्षर दोनदा लिहावे. वायचा आय करावा. एस, एक्स, सीएच, एसएच यांच्यापुढे ईएस लावावे. आणि पाचवा नियम, अपवाद पाठ करावेत. त्याखाली पोराने लिहिलेले दहा शब्द, त्यातल्या चारांना लाल शाईचा गोल. 'कटिंग' त्याने एका टीने लिहिला होता. शेरा होता, दहा वेळा लिहून आणणे.

त्याने मुकाट्याने दहा वेळा लिहिले. मग विचारले, "मामू, दूसरा टी किसलिए? बोलते टाइम तो एकच सुनाई देता."

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे इंग्रजी वाचतो, गरजेपुरते लिहितो, 'कटिंग'मध्ये दोन टी असतात हे झोपेतही सांगेन. पण का असतात, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी कुणाला विचारलेही नव्हते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचे. सी-यू-टी कट, कट म्हणजे कापणे, असे सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. त्या सुरात 'का' या शब्दाला जागा नव्हती. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आले. वर्षे चार वाढली. सूर मात्र तोच राहिला.

त्या रात्री मी बसून विचार केला, थोडे वाचले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बाजारात गेलो. आज जे लिहितोय ते त्या फेरीतून निघालेले आहे.

आमच्या वस्तीतल्या दुकानांच्या पाट्या तुम्ही कधी नीट वाचल्या आहेत का? कटिंग, फिटिंग, वेल्डिंग, वायरिंग, पेंटिंग, टेलरिंग, रिपेअरिंग, सर्व्हिसिंग, बॅटरी चार्जिंग. या मोहल्ल्यातली निम्मी रोजीरोटी आयएनजीवर चालते. गंमत अशी की ज्यांच्या बापांच्या दुकानावर ही अक्षरे टांगलेली आहेत, त्यांचीच पोरे वर्गात याच अक्षरांसाठी मार खातात, नाहीतर दहा दहा वेळा लिहितात.

आम्ही रस्त्यात थांबून एकेक पाटी वाचली. इंग्रजीत लिहिलेल्या पाट्यांवर शब्द कसा लिहिला आहे ते त्याने वहीत उतरवले. जिथे पाटी मराठीत होती तिथला शब्द घरी येऊन कोशात पाहिला. कटिंग, फिटिंग यांत टी दोनदा. वेल्डिंगमध्ये डी एकदाच. वायरिंग, चार्जिंग, सर्व्हिसिंग यांतली ई गायब. रिपेअरिंगमध्ये आर एकदाच. आता यात काही सूत्र आहे का?

आहे. त्यासाठी आधी दोन शब्द घ्या, 'कट' आणि 'क्यूट'. सी-यू-टी म्हणजे कट. त्याच्यामागे ई लावली की झाले क्यूट. तसेच 'हॉप' आणि 'होप', 'पिन' आणि 'पाइन', 'कॅप' आणि 'केप'. शेवटची ई स्वतः बोलत नाही. पण एक व्यंजन ओलांडून ती मागच्या स्वराला लांब करते. काही शतकांपूर्वी या ईचा उच्चार होत असे. पुढे उच्चार गेला, अक्षर राहिले, आणि मागच्या स्वराकडे बोट दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले.

हे काम एकट्या ईचे नाही. आयएनजीतला आय, ईडीतली ई, ईआरमधली ई, सगळे स्वर तेच करतात. म्हणजे 'कट'ला सरळ आयएनजी चिकटवले तर तो आय एका टीवरून पलीकडे हात घालतो आणि यूला लांब करतो. मग वाचायचे 'क्यूटिंग', जसे 'कम्प्यूटिंग'. कम्प्यूटिंगमध्ये टी एकच आहे, कारण तिथे लांब यूच हवा आहे. कटिंगमध्ये तो नको, म्हणून मध्ये दुसरा टी उभा करायचा. भाच्याला मी सांगितले, एका विटेच्या भिंतीतून शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येते, दोन विटांची केली की येत नाही. दुसरा टी ही दुसरी वीट. तो बोलण्यासाठी नाहीच, अडवण्यासाठी आहे.

एवढे कळले की पाट्या उलगडू लागतात. वेल्डिंगमध्ये एल आणि डी अशा दोन विटा आधीच आहेत, तिसरी कशाला? रिपेअरिंगमध्ये ए आणि आय हे दोन स्वर जोडीने उभे आहेत, त्यांचा उच्चार ठरलेला आहे, भिंतीची गरज नाही. वायरिंगमध्ये 'वायर'ची ई गेली, कारण तिचे काम आता आयएनजीतला आय करतो. एका खुर्चीवर दोन माणसे कशाला? पण 'होपफुल'मध्ये ई राहते. एफ व्यंजन आहे, त्याला ते काम जमत नाही. आणि 'चेंजेबल'मध्ये एबल स्वराने सुरू होऊनही ई राहते, कारण ती गेली तर जीनंतर ए येईल आणि जचा ग होईल.

मुलांना रोज दिसणारी एक जोडी तर फारच उपयोगी आहे, 'डायनिंग' आणि 'डिनर'. दोन्ही जेवणाचेच शब्द. एकात एन एकदा, दुसऱ्यात दोनदा. हा फरक कारण सांगून दाखवला तर पोर जन्मभर विसरणार नाही.

वायचेही तसेच. 'कॅरी'चे 'कॅरिड' करताना वायचा आय होतो, पण 'कॅरिंग' करताना वाय राहतो. इंग्रजीला शब्दाच्या अखेरीस आय आवडत नाही, म्हणून तिथे वाय बसवतात. मागे काही जोडले की शेवट उरत नाही, वायचा पुन्हा आय होतो. आयएनजी लावताना मात्र दोन आय शेजारी येतील, म्हणून वायला हात लावत नाहीत. 'प्ले'मध्ये वायच्या आधी ए आहे, ती जोडी आहे, ती फोडत नाहीत. नियम तोच आहे, जो वहीत एका ओळीत लिहिला होता. फरक इतकाच की आता त्याला पाय फुटले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझे म्हणणे असे की मराठी बोलणाऱ्या मुलाला ही कल्पना नवी नाहीच. प्रत्यय लागला की शब्दाचे अंग बदलते, हे त्याला आईच्या मांडीवर कळलेले असते. दूध, पण दुधात. जमीन, पण जमिनीत. बहीण, पण बहिणीला. मशीद, पण मशिदीत. आमच्या भाताच्या जिल्ह्यातले पोर 'तांदूळला' म्हणत नाही, तांदळाला म्हणते. पाऊस आला तर पावसात भिजते, पाऊसात नाही. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले जे लेखनविषयक नियम राज्य शासनाने 1962 साली मान्य केले आणि 1972 मध्ये ज्यांत भर पडून ते 18 झाले, त्यांत हा नियम आहे, उपान्त्य ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. त्यालाही अपवाद आहेत आणि अपवादाला कारण आहे. 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून शरीरात दीर्घच. 'वकील' तसा नाही, म्हणून वकिलाला ऱ्हस्व.

म्हणजे दोन्ही भाषा प्रत्ययाच्या वेळी स्पेलिंगला हात लावतात. पण कारण उलटे आहे. मराठीत उच्चार बदलतो म्हणून लिहिणे बदलते. इंग्रजीत उच्चार बदलू नये म्हणून लिहिणे बदलते. हे एक वाक्य पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले, एका बाजूला दूध-दुधात आणि दुसऱ्या बाजूला कट-कटिंग, तर मुलाला वाटेल की हे आपल्याच घरातले प्रकरण आहे. आज त्याला वाटते की इंग्रजी म्हणजे साहेबाची लहर. लहरीपुढे माणूस मान खाली घालतो, डोके लावत नाही.

आमच्या घरातल्या मुलांकडे तर आणखी एक शिदोरी असते. सकाळी मकतबमध्ये ती कुरआन वाचायला शिकतात. तिथे नून साकिन आणि तन्वीनचे चार नियम आहेत, इजहार, इदगाम, इकलाब, इख्फा. नूनपुढे बे आले की नूनचा मीम ऐकू येतो. आपल्या 'आंबा'तला अनुस्वार म होतो तसाच. सात-आठ वर्षांचे पोर हे बिनचूक करते. कसे शिकते? हाफिजसाहेब आधी स्वतः म्हणून दाखवतात, मग पोराकडून म्हणवून घेतात, चुकले तर थांबवून पुन्हा ऐकवतात. नियमाचे नाव नंतर येते. आधी कान, मग नाव. तेच पोर दुपारी शाळेत जाते तेव्हा तिथे आधी नाव, मग लिहिणे, आणि कान कुठेच नाही. मकतबमध्येही घोकंपट्टी पुष्कळ आहे, त्याबद्दल मी पूर्वी लिहिलेले आहे. पण ही एक गोष्ट तिथे बरोबर होते, ती घेण्यासारखी आहे.

यावर माझ्या एका शिक्षक मित्राने तीन हरकती घेतल्या. तिन्ही खऱ्या आहेत, म्हणून इथे मांडतो.

पहिली, इंग्रजीत अपवाद इतके आहेत की कारण सांगत बसलो तर तोंडघशी पडू. हे माझ्या बाबतीत तिसऱ्याच दिवशी झाले. भाच्याने पकडले, "मामू, लिव्हिंग रूम में व्ही एकच है. तो लायव्हिंग होना." पोर बरोबर होते. इंग्रजी शब्द व्हीवर संपत नाही, म्हणून 'लिव्ह', 'गिव्ह', 'हॅव' यांना शेवटी ई लावतात. ती स्वर लांब करण्यासाठी नाही, व्हीला उघडे पडू न देण्यासाठी आहे. आणि व्ही सहसा दोनदा लिहीत नाहीत. हे मला शोधून सांगावे लागले. पण बघा, काय झाले? ज्या पोराला अपवाद पाठ करायचे होते, ते अपवाद स्वतः शोधायला लागले. अपवाद दिसण्यासाठी आधी नियम कळावा लागतो. ज्याला नियमच कळला नाही त्याच्यासाठी प्रत्येक शब्द अपवाद आहे.

दुसरी हरकत, वेळ नाही. परीक्षा डोक्यावर असते. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा. तिथे कारण कुणी विचारत नाही. मान्य. पण चार स्पेलिंग शेजारी शेजारी ठेवली की पाठांतर केलेल्या मुलाला चारही ओळखीची वाटतात. त्यातले कुठले वाचताना चुकीचे वाजते, हे ज्याला कळते तो दोन पर्याय तिथेच उडवतो. कारण सांगण्यात एक तास जातो. दहा दहा वेळा लिहिण्यात वर्ष जाते.

तिसरी, आता मोबाइल स्पेलिंग दुरुस्त करतो. करतो खरा. पण 'होपिंग' आणि 'हॉपिंग' दोन्ही खरे शब्द आहेत, तिथे साधा तपासनीस गप्प बसतो. शिवाय मोबाइल अमेरिकन वळणावर ठेवलेला असेल तर तो 'ट्रॅव्हलर'मधला एक एल चुकीचा दाखवेल. नोआ वेब्स्टरने 1828 च्या आपल्या अमेरिकन कोशात इंग्लंडपेक्षा वेगळी स्पेलिंग रुजवली, आपली पुस्तके इंग्लंडच्या वळणाने दोन एल लिहितात. कारण माहीत असलेला माणूस हसून पुढे जातो. माहीत नसलेला घाबरून खोडतो.

शिक्षकांवर खापर फोडणे सोपे आहे, ते मला करायचे नाही. एका वर्गात तीन तऱ्हेची मुले असतात. कुणाच्या घरी झाडीबोली, तिथे पाणीला 'पानी' म्हणतात आणि पहिलीतच त्याला सांगितले जाते की तू चुकतोस. कुणाच्या घरी आमच्यासारखी उर्दूमिश्रित हिंदी. पुस्तकातली मराठी दोघांनाही थोडी परकी. त्यावर इंग्रजी. शिक्षकांनाही ते पाच नियम कुणीतरी असेच यादी म्हणून दिले होते. जे त्यांना मिळाले ते त्यांनी दिले.

पण याची किंमत कोण मोजतो ते पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याचे स्पेलिंग चुकले तर 'घाई झाली' म्हणतात. वेल्डिंगवाल्याच्या पोराचे चुकले तर 'डोके नाही' म्हणतात. पोर ते ऐकते, बापही ऐकतो. मग कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घालणे, नाहीतर आठवी-दहावीनंतर दुकानावर उभे करणे, हे दोनच रस्ते त्याला दिसतात. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवले होते की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. त्यामागे गरिबी आहे, शाळांचे अंतर आहे, पुढे नोकरी मिळेल याचा भरवसा नसणे आहे. स्पेलिंगमुळे ती बाहेर पडली असे मी म्हणणार नाही. पण 'हे आपल्यासारख्यांचे काम नाही' ही समजूत एका दिवसात तयार होत नाही. ती अशाच लाल गोलांनी थेंबाथेंबाने साचते. आपल्या समाजात आम्ही शिक्षणावर भाषणे खूप करतो. पोराची वही उघडून बघणारे कमी आहेत.

म्हणून काही साध्या सूचना, शिक्षकांसाठी आणि घरच्यांसाठीही.

एक. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. जसा लिहिला तसा वाचायला लावा. 'क्यूटिंग' असे मोठ्याने वाचले की पोर स्वतःच हसते आणि दुसरा टी घालते.

दोन. देवनागरीला कमी लेखू नका. हॉप आणि होप, पिन आणि पाइन हा फरक आपली लिपी डोळ्यांना स्पष्ट दाखवते, इंग्रजी लिपी लपवते. वहीत आधी उच्चार देवनागरीत लिहू द्या, मग इंग्रजी. इंग्रजीच्या तासाला मराठी अक्षर दिसले म्हणून कुणाचे काही बिघडत नाही.

तीन. दूध-दुधात आणि कट-कटिंग एकाच तासाला शिकवा. मुलाची मराठीही त्यातून सुधारेल.

चार. पाचवीत ई, दुसरे व्यंजन, वाय आणि ईएस एवढे चारच पुरे. 'ओपनिंग'मध्ये एन एकदा आणि 'बिगिनिंग'मध्ये दोनदा का, 'टेलरिंग'मध्ये आर एकदाच का, हे शब्दातल्या आघातावर ठरते. 'बिगिन'मध्ये जोर शेवटी, 'ओपन' आणि 'टेलर'मध्ये सुरुवातीला. आपल्या बोलण्यात असा आघात ठसठशीत नसतो, आपला कान त्याला सरावलेला नाही. ते शब्द सध्या पाठच करू द्या, आणि मुलाला तसे सांगा. 'याचे कारण आहे, ते पुढे कळेल' हे वाक्य आणि 'अपवाद पाठ करावेत' हे वाक्य, दोन्हींत फार अंतर आहे.

पाच. गृहपाठ म्हणून बाजारातल्या दहा पाट्या लिहून आणायला सांगा.

बाजारातल्या आमच्या फेरीत शेवटची पाटी साड्या रंगवून देणाऱ्या दुकानाची होती. मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणणारे हात आहेत, रंगाऱ्याचे काम इथे नवे नाही. पाटीवर 'डाइंग' लिहिले होते, डी-वाय-आय-एन-जी. भाचा नियमाप्रमाणे म्हणाला, बरोबर आहे, 'डाय'ची ई गेली. मी त्याला सांगितले, इथे ई ठेवावी लागते. नाहीतर रंगवणे राहते बाजूला आणि त्याचा अर्थ होतो मरणे. तो पोट धरून हसला. मग थांबून म्हणाला, "चाचा को बोलूं क्या?"

मी म्हटले, सांग, पण हसत नको सांगू. त्यांनाही कुणी कारण सांगितले नव्हते.